विरघळणाऱ्या धाग्यांनी सैल त्वचा खरोखर घट्ट होते का?

पानगळ

नमस्कार. माझे वय ५२ असून रजोनिवृत्तीनंतरच्या काळात चेहऱ्यात झालेला बदल मला फार जाणवू लागला आहे. सुरकुत्यांचे मला तितकेसे वाटत नाही. परंतु गाल खाली उतरल्यासारखे दिसतात, जबड्याची कड हनुवटीच्या दोन्ही बाजूंना तुटल्यासारखी वाटते आणि नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी हसत नसतानाही तशीच राहते. त्वचेच्या एका दवाखान्यात सल्ला घेतला असता तेथे मला थ्रेड लिफ्ट सुचवण्यात आली. दोन्ही गालांत काटेरी धागे घालून गाल वर ओढायचे आणि जबड्याच्या कडेला व हनुवटीखाली बारीक साधे धागे जाळीसारखे पेरायचे, असा बेत आहे. धागे पीडीओचे आहेत, ते सहा-आठ महिन्यांत विरघळतात, मात्र विरघळताना आपल्यामागे नवे कोलाजेन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन, ठेवून जातात आणि म्हणून परिणाम दीड-दोन वर्षे टिकतो, असे मला सांगण्यात आले.

माझी अडचण नेमकी या शेवटच्या वाक्यापाशी आहे. ओढून धरणारी वस्तूच नाहीशी झाली, तर ओढलेला गाल वर राहतो तो कशाच्या आधारावर? आणि नवे कोलाजेन तयार होते हे खरे असेल, तर ते किती, कोठे, आणि त्याने आरशात दिसण्याइतका फरक पडतो का? शस्त्रक्रिया करून घेण्याची माझी तयारी नाही. ज्यांनी हे करून घेतले आहे त्यांनी, आणि या क्षेत्रातील कोणी असल्यास त्यांनीही, कृपया सविस्तर लिहावे. ‘तुम्ही आहात तशाच छान दिसता’ हे घरच्यांनी सांगून झाले आहे, त्यामुळे ते वगळले तरी चालेल.

अंतस्त्वचा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि धाग्यांचे काम स्वतः करतो, त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते या उपचाराच्या विरोधकाचे मत म्हणून वाचू नये. आपण ज्या वाक्यावर बोट ठेवले आहे त्यात दोन वेगवेगळे दावे एकत्र बांधलेले आहेत: एक ओढीचा आणि दुसरा कोलाजेनचा. ते सुटे केल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

आधी ओढीविषयी. काटेरी धागा बोथट कॅन्युलात, म्हणजे बोथट टोकाच्या पोकळ सुईत, भरलेला असतो. कानशिलाजवळ, शक्यतो केसांच्या रेषेत, भूल देऊन एक छिद्र पाडले जाते आणि तेथून कॅन्युला त्वचेखालच्या चरबीच्या थरातून गालाकडे नेली जाते. ती बाहेर काढली की धागा आत राहतो आणि त्याचे काटे ऊतींत रुततात. मग बाहेरून बोटांनी गाल वर सरकवून त्या काट्यांवर बसवायचा आणि छिद्राबाहेर उरलेले टोक किंचित ताणून, त्वचेच्या आत जाईल असे कापायचे. रुग्ण उठून बसतो तेव्हा फरक दिसतो आणि तो खरा असतो, परंतु त्यात भुलीच्या द्रवाचा आणि सुजेचाही वाटा असतो, हे त्या क्षणी सहसा कोणी सांगत नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची जी छायाचित्रे दाखवली जातात, त्यांतील ‘नंतर’चे छायाचित्र किती दिवसांनी काढले आहे हे म्हणूनच आवर्जून विचारावे.

त्यानंतर चेहरा आपले काम सुरू करतो. आपण दिवसभर बोलतो, चावतो, जांभई देतो, कुशीवर झोपतो, आणि प्रत्येक वेळी काट्यांवर ताण येऊन ते मऊ चरबीतून थोडे थोडे सरकतात. शिवाय पीडीओ, म्हणजे पॉलिडायोक्सॅनोन, हा शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी गेली चार दशके वापरला जाणारा पदार्थ असल्यामुळे त्याचे वागणे चांगले माहीत आहे. शरीरातील पाण्यामुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात आणि धागा दिसेनासा होण्याच्या बराच आधी त्याची ताकद ओसरते. बारीक टाक्यांमध्ये तर चार आठवड्यांतच निम्म्याहून अधिक ताकद गेलेली असते. सहा-आठ महिने हा धागा पूर्णपणे शोषला जाण्याचा काळ आहे, धरून ठेवण्याचा नव्हे. या दोहोंची गल्लत केली की मुदत आपोआप लांबते.

आता कोलाजेन. धागा ही शरीराच्या दृष्टीने परकी वस्तू आहे आणि तिच्याभोवती दाह होतो, पेशी गोळा होतात, तंतुजनक पेशी कामाला लागतात आणि आधी तिसऱ्या प्रकारचे, पुढे पहिल्या प्रकारचे कोलाजेन तयार होऊन धाग्याला एक पातळ वेष्टन मिळते. प्राण्यांच्या ऊतींच्या अभ्यासांत हे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसले आहे, त्यामुळे दावा खोटा नाही. परंतु हे वेष्टन मुळात व्रणऊतीचे आहे, ते धाग्याच्या लगतच्या अरुंद पट्ट्यात होते, आणि धागा चरबीत असेल तर तेही चरबीतच होते. त्वचेचा पोत आणि लवचीकता ज्या थरावर अवलंबून असते तो आंतरत्वचेचा थर त्याच्या वर असतो. शिवाय वेष्टन आहे म्हणून ते वजन पेलू शकते, असा अर्थ होत नाही. उतरलेला गाल तोलून धरण्याइतकी ताकद त्यात असते हे दाखवणारा पुरावा माझ्या वाचनात नाही.

‘दीड-दोन वर्षे’ या आकड्याबाबत आपण सावध राहावे असे मला वाटते ते याचसाठी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काटेरी पीडीओ धागे घातलेल्या १६० रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला. सुरुवातीची सुधारणा स्पष्ट होती, सहा महिन्यांपर्यंत ती बरीच ओसरली आणि वर्षअखेर चेहरा जवळपास पूर्वपदावर आला होता. त्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना लहानमोठा त्रासही झाला. पॉलिलॅक्टिक आम्लाचे किंवा पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे धागे अधिक काळ, म्हणजे एक ते दोन वर्षे किंवा त्याहूनही जास्त, शरीरात राहतात. मात्र धागा अधिक काळ राहणे आणि गाल अधिक काळ वर राहणे या भिन्न गोष्टी आहेत, हे तेथेही लागू होते.

बारीक साध्या धाग्यांबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांना काटे नसल्याने ते काहीही ओढत नाहीत. अनेक सुया टोचल्यामुळे होणारी सूक्ष्म इजा आणि धाग्याभोवतीची प्रतिक्रिया यांतून त्वचा थोडी दाट वाटू शकते. जबड्याची तुटलेली कड त्यांनी जुळत नाही.

रानजाई

मी हे करून घेतले आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूने लिहिते. वय तेव्हा पन्नाशीच्या आतले होते आणि त्वचा फार सैल नव्हती, हे आधीच सांगितले पाहिजे, कारण त्याचा निकालाशी संबंध आहे.

प्रत्यक्ष धागे घालताना दुखत नाही, भुलीच्या सुया मात्र दुखतात. कॅन्युला पुढे सरकताना वेदना नसते, पण कानाजवळ करकरल्यासारखा एक आवाज ऐकू येतो आणि तो आवाज आपल्याच आतून येतो आहे ही जाणीव मला वेदनेपेक्षा अधिक नकोशी वाटली. कोणी तयार नसेल तर घाबरून जाईल, म्हणून लिहून ठेवते.

पहिला आठवडा अवघड होता. तोंड पूर्ण उघडता येत नव्हते, घास लहान घ्यावा लागे, आणि झोपेत कुशीवर वळले की गालाच्या हाडाखाली ओढ बसून जाग येई. डाव्या गालावर, जेथे धाग्याचा शेवट असावा तेथे, शिवणीचा धागा जास्त ओढला गेल्यावर कापडाला चुणी पडते तसा खळगा पडला होता. हसले की तो ठळक दिसायचा. काही दिवस वाट पाहूनही तो जाईना तेव्हा डॉक्टरांनी बोटांच्या दाबाने ऊती सैल करून तो घालवला. हे त्यांनीच करायचे असते. आपण घरी चोळत बसलो तर धागाच निसटू शकतो. उजव्या कानशिलाजवळ केस विंचरताना कंगव्याला काहीतरी टोचल्यासारखे बरेच दिवस लागत असे. ते धाग्याचे टोक होते, पण त्वचेबाहेर आले नाही आणि पुढे आपोआप जाणवेनासे झाले.

परिणामाविषयी बोलायचे तर पहिले दोन-तीन महिने मी अतिशय समाधानी होते. सूज उतरल्यावरही जबड्याची कड नीट दिसत होती आणि काय केले आहे हे कोणाला ओळखता येत नव्हते, जे मला हवेच होते. पुढे ते हळूहळू ओसरले. नेमके कधी गेले ते सांगता येत नाही, कारण रोज आरशात पाहणाऱ्याला ते कळत नाही. वर्षभराने त्याच जागी, त्याच प्रकाशात काढलेले छायाचित्र धागे घालण्याआधीच्या छायाचित्राशेजारी ठेवल्यावर मला दोघांत फरक सापडला नाही. त्वचेचा पोत मात्र किंचित बरा वाटतो. अर्थात त्याच काळात मी रोज न चुकता सनस्क्रीन लावू लागले होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे हा प्रश्नच आहे.

तिसरा प्रहर

मी प्लास्टिक सर्जन आहे. ‘अंतस्त्वचा’ यांनी लिहिलेल्या बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे, परंतु त्यांचा सूर मला गरजेपेक्षा थोडा निरुत्साही वाटला. रुग्ण योग्य निवडला, म्हणजे सैलपणा सौम्य आहे, त्वचा मध्यम जाडीची आहे आणि चेहऱ्यावर फार चरबी नाही, तर काही महिने ते वर्षभर टिकणारा माफक फरक मिळतो आणि काही जणांना तेवढाच हवा असतो. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा जड गाल आणि लोंबणारी मान असलेल्या व्यक्तीला ‘शस्त्रक्रियेविना फेसलिफ्ट’ म्हणून हेच विकले जाते. ‘रानजाई’ यांना सुरुवातीचे समाधान मिळाले त्याला त्यांचे त्या वेळचे वय आणि त्वचेची स्थिती कारण असणार.

पानगळताई, आपल्या बाबतीत चेहऱ्याच्या आत काय घडते आहे हे पाहिल्यास निर्णय सोपा जाईल. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलाजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटते, हे इस्ट्रोजेन कमी झाल्याचा परिणाम म्हणून बऱ्याच काळापासून नोंदले गेले आहे. पण आपण वर्णन केलेली लक्षणे केवळ त्वचेची नाहीत. वयानुसार वरच्या जबड्याचे आणि डोळ्यांभोवतीचे हाड झिजते, खोलवरच्या चरबीचे गोळे आकसतात, त्यांना जागेवर धरणारे अस्थिबंध ढिले होतात आणि वरची त्वचा, आधार गेल्यामुळे, पुढे व खाली येते. जबड्याची कड जेथे तुटते तेथे एक अस्थिबंध त्वचेला हाडाशी बांधून ठेवतो. त्याच्या मागची ऊती उतरते, पण तो बिंदू जागचा हलत नाही, म्हणून तेथे फट पडल्यासारखी दिसते. फेसलिफ्टमध्ये आम्ही त्वचेखालचा तंतुमय स्नायूपडदा उचलून वर बांधतो आणि जादा त्वचा कापून टाकतो. धागा यांपैकी काहीच करत नाही. वर सरकवलेली जादा त्वचा जाते कोठे, हा प्रश्न विचारला की थ्रेड लिफ्टची मर्यादा लक्षात येते: ती कानाजवळ चुण्यांच्या रूपाने गोळा होते आणि काही आठवड्यांत पसरते.

जोखमीचा विषय वर ओझरता आला आहे, तो थोडा वाढवतो. २०२१ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सूज सुमारे ३५ टक्के, खळगे १० टक्के, बधिरपणा किंवा मुंग्या ६ टक्के, धागा हाताला लागणे किंवा दिसणे ४ टक्के, तर जंतुसंसर्ग आणि धागा बाहेर येणे प्रत्येकी २ टक्के असे प्रमाण आढळले. पन्नाशीपुढच्या रुग्णांत खळगे आणि संसर्ग यांचे प्रमाण अधिक दिसले, जे आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. चेहऱ्याच्या चेतातंतूला किंवा लाळग्रंथीच्या नलिकेला इजा होणे विरळ आहे, परंतु ते घडलेले आहे, आणि ते बहुधा कॅन्युला चुकीच्या थरात गेल्याने घडते. म्हणूनच हे काम कोण करणार, त्या व्यक्तीचे मूळ वैद्यकीय शिक्षण कोणते आणि गुंतागुंत झाल्यास ती स्वतः निस्तरू शकते का, हे धाग्याच्या ब्रँडपेक्षा आधी विचारावे. सौंदर्यकेंद्रात, डॉक्टरांच्या अनुपस्थितीत हे करून घेऊ नये.

थोडा इतिहास येथे उपयोगी पडेल. चेहऱ्यात काटेरी धागे घालण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॉस्को येथील मार्लेन सुलामानिद्झे यांनी रूढ केली आणि तेव्हाचे धागे न विरघळणाऱ्या पॉलिप्रोपिलिनचे होते. ते टोचत, दिसत, कधी वर्षांनंतर बाहेर येत, आणि काढणे जिकिरीचे असे. विरघळणारे धागे आले ते मुख्यतः या तक्रारींवर उपाय म्हणून. कोलाजेनचा मुद्दा जाहिरातीत ठळक झाला तो नंतर. आजही जुने कायमस्वरूपी धागे कोठे कोठे वापरले जातात, त्यामुळे पाकिटावरचा पदार्थ स्वतः वाचून घ्यावा आणि त्याची नोंद आपल्याजवळ ठेवावी.

आपला उद्देश कोलाजेन वाढवणे हाच असेल, तर त्यासाठी अधिक भक्कम पुरावा असलेले आणि कंटाळवाणे वाटणारे मार्ग उपलब्ध आहेत. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर दहा ते बारा महिने ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाशी संबंधित मलम) लावल्यावर आंतरत्वचेतील पहिल्या प्रकारच्या कोलाजेनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि तीही नेमकी ज्या थरात हवी तेथे. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षे चाललेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वृद्धत्व मर्जीनुसार लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्के कमी दिसले. फ्रॅक्शनल लेसर (त्वचेवर सूक्ष्म ठिपक्यांत काम करणारा लेसर) आणि सुयांद्वारे दिली जाणारी रेडिओफ्रिक्वेन्सी (आतून उष्णता देणारी विद्युत ऊर्जा) हे पुढचे पर्याय. यांपैकी कशानेही उतरलेला गाल वर जाणार नाही, हे मात्र तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गालातील हरवलेला आधार भरण्यासाठी हायलुरोनिक आम्लाचे फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून भरायचे जेल, विचारात घेता येते, परंतु तेथेही हात राखून काम करणारा डॉक्टर हवा.

आणि एक. धागे वारंवार घालत राहिल्यास आत तंतुमय ऊती साठतात आणि पुढे कधी शस्त्रक्रियेचा विचार बदलला, तर थर सुटे करणे आम्हाला अवघड जाते. आज तयारी नाही म्हणजे साठीतही नसेल असे नाही.

पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. ‘ओढ’ आणि ‘कोलाजेन’ वेगळे करून सांगितल्यामुळे दवाखान्यात काय विचारायचे ते आता कळले. हनुवटीखालच्या बारीक धाग्यांचा बेत मी सोडून दिला आहे आणि ट्रेटिनॉइनविषयी डॉक्टरांशी बोलणार आहे. गालांच्या बाबतीत, फरक काही महिनेच टिकेल हे धरून चालूनही एकदा करून पाहावे असे मन म्हणते, कारण घरात एक मोठा समारंभ आहे आणि त्या वेळी मला बरे दिसायचे आहे. यात लपवण्यासारखे काही नाही.

तीन गोष्टी राहिल्या. हृदयाच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने मी रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन घेते. नाकाच्या कडेच्या घड्यांमध्ये मागे एकदा फिलर भरून घेतले होते. आणि खालच्या एका दाताचे इम्प्लांट अर्धवट झाले आहे, त्यावर कृत्रिम दात बसवायचा बाकी आहे. यांपैकी कशाने अडचण येईल का?

अंतस्त्वचा

समारंभासाठी करणे हे माझ्या मते थ्रेड लिफ्टचे सर्वांत प्रामाणिक कारण आहे. फक्त समारंभाच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी करावे, म्हणजे सूज, काळेनिळे डाग आणि खळगे यांना निवळायला आणि काही सुधारायचे झाल्यास सुधारायला वेळ मिळतो.

ॲस्पिरिन स्वतःहून किंवा धागे घालणाऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद करू नये. ती हृदयासाठी दिलेली असल्यास निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचाच असतो, आणि त्यांनी ती चालू ठेवायला सांगितली तर एक तर अधिक काळेनिळे होण्याची तयारी ठेवावी किंवा हा उपचार टाळावा. तेवढ्यासाठी हृदयाशी खेळ करण्यात अर्थ नाही. फिलर हायलुरोनिक आम्लाचे असेल तर ते सहसा आड येत नाही, पण डॉक्टरांना त्याची जागा ठाऊक असली पाहिजे. ते कायमस्वरूपी प्रकारचे असेल तर त्या भागातून धागा नेऊ नये, कारण संसर्ग झाल्यास तो काबूत आणणे फार कठीण जाते. कोणते भरले होते याची जुनी नोंद मागवून घ्यावी. आपल्याला व्रणाच्या गाठी उठण्याची प्रवृत्ती किंवा प्रतिकारशक्तीशी निगडित एखादा आजार असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगावे.

दाताचे काम मात्र आधी पूर्ण करावे. दंतवैद्याच्या खुर्चीत बराच वेळ तोंड ताणून उघडे ठेवावे लागते आणि नुकतेच रुतलेले काटे त्या ताणाने निसटतात. शिवाय तोंडातील जंतू ताज्या धाग्यापर्यंत पोहोचू नयेत, हाही विचार असतो. दात बसल्यावर, हिरडी पूर्ण बरी झाल्याचे दंतवैद्यांनी सांगितल्यानंतरच धाग्यांची तारीख ठरवावी आणि त्यानंतर किमान तीन-चार आठवडे दातांची साधी सफाईसुद्धा करून घेऊ नये.